फोन डेड आहे पण कॉम्प्युटरला 'प्रीलोडर' दिसतो. 'फॉरमॅट ऑल' करू का?

कृष्णाकाठ:
बाबांचा फोन आहे, स्वस्तातला, मीडियाटेकच्या हेलिओ ए२२ चिपचा. अपडेट चालू असताना मधेच बंद पडला, तेव्हापासून स्क्रीन काळी. चार्जिंगचं चिन्हही येत नाही. दुरुस्तीला नेला तर बोर्ड बदला म्हणाले, आणि त्यात जवळजवळ नवा फोन येतो. आत शेताच्या मोजणीच्या कागदांचे फोटो आहेत, ते हवेत. केबल लावली की विंडोजचा आवाज येतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मीडियाटेक प्रीलोडर यूएसबी व्हीकॉम' क्षणभर दिसतं, जातं, परत येतं. व्हिडिओत एसपी फ्लॅश टूल (फोनमध्ये सॉफ्टवेअर नव्याने लिहिणारा प्रोग्राम) घेऊन 'फॉरमॅट ऑल + डाउनलोड' करायला सांगतात. करू का?

सोल्डरगन:
ताई, ते अजिबात करू नका. फोटो तर जातीलच, शिवाय एनव्हीरॅम नावाचा मेमरीचा भागही पुसला जाईल. त्यात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि रेडिओचं कॅलिब्रेशन असतं. मग फोन चालू होतो, पण नेटवर्क येत नाही आणि वायफायच्या यादीत 'एनव्हीरॅम वॉर्निंग' नावाचं भलतंच नेटवर्क दिसायला लागतं. असे फोन माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि फार वाईट वाटतं, कारण त्यातले बरेचसे येण्याआधी सहज वाचले असते.

तुमचा बोर्ड गेलेला दिसत नाही. प्रीलोडर हा फोन सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम. तो दिसतोय म्हणजे चिप जागी आहे, पुढचं सॉफ्टवेअर अर्धवट लिहिलं गेलंय. प्रीलोडर उडाला तरी चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला बूट रॉम असतो, तो कुठल्याही फ्लॅशने पुसता येत नाही.

आधी फोनमधलं वाचून कॉम्प्युटरवर घ्या, मगच फोनमध्ये लिहा. फर्मवेअर म्हणजे फोनचं मूळ सॉफ्टवेअर. त्यासोबत येणारी स्कॅटर फाइल, म्हणजे मेमरीत कुठला भाग कुठे आहे याची यादी, साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडा. एनव्हीरॅम, एनव्हीडेटा, प्रोटेक्ट१, प्रोटेक्ट२ या पार्टिशनच्या (मेमरीच्या भागांच्या) नोंदींत सुरुवातीचा पत्ता आणि आकार दिलेला असतो. ते आकडे टूलच्या 'रीडबॅक'मध्ये घालून प्रत्येकाची फाइल काढा. रीडबॅक जमलं नाही तर एमटीके क्लायंट नावाचं मोफत, ओपन सोर्स साधन आहे, ते पार्टिशन नावानेच वाचतं. त्यासाठी फोन बंद करून आवाजाची दोन्ही बटणं दाबून केबल लावा. प्रीलोडर वारंवार येत राहिला तर पॉवरचं बटणही सोबत दाबून धरा.

मग 'डाउनलोड ओन्ली'. प्रीलोडर आणि युजरडेटा (यातच फोटो असतात) यांच्यासमोरची खूण काढा. फर्मवेअर फोनमध्ये होतं त्याच आवृत्तीचं किंवा येत होतं त्या अपडेटचं हवं, जुनं नको. फोटो वाचतील अशी आशा ठेवायला जागा आहे, पण डेटा एन्क्रिप्टेड असतो, म्हणून हमी देत नाही.

नऊशून्यशून्यआठ:
माझा फोन क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपचा आहे, 'क्वालकॉम ९००८' दिसतो. हेच टूल चालेल?

सोल्डरगन:
नाही. तो ईडीएल, म्हणजे क्वालकॉम चिपचा आणीबाणीचा मोड. त्याला क्यूफिल हे टूल आणि तुमच्याच मॉडेलची, कंपनीने डिजिटल सही केलेली फायरहोज फाइल (चिपला लिहिण्या-वाचण्याचे हुकूम समजावणारा प्रोग्राम) लागते. युनिसॉक कंपनीच्या चिपचा असता तर पॅक नावाची फर्मवेअर फाइल आणि रिसर्च डाउनलोड हे टूल. चिप कुठली ते आधी बघायचं, ब्रँड नंतर.

कृष्णाकाठ:
दादा, एमटीके क्लायंटने चारही फाइली निघाल्या! पण फ्लॅश करताना ४०३२ एरर येतो.

सोल्डरगन:
शाब्बास, अवघड काम झालं. ४०३२ म्हणजे टूलला फोनची रॅम सुरू करता आली नाही. बजेट फोनमध्ये एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपनीची मेमरी बसवलेली असते, त्यामुळे फर्मवेअर दुसऱ्या व्हेरिएंटचं असलं की असं होतं. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक बघा, शेवटच्या अक्षरासकट, आणि नेमकं त्याचंच फर्मवेअर घ्या. बॅटरी थोडी चार्ज करा, केबल हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा.

कृष्णाकाठ:
खोक्यावर शेवटी एक अक्षर जास्त होतं. त्या फर्मवेअरने हिरवी खूण आली, फोन चालू झाला! *#०६# ला दोन्ही आयएमईआय दिसले. कागदांचे फोटोही आहेत.

सोल्डरगन:
फार बरं वाटलं ताई. फोटो आत्ताच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्या चार फाइली पेनड्राइव्हवर ठेवा, कुणाला देऊ नका. दुसऱ्या फोनमध्ये टाकल्या तर तिथे तुमच्या बाबांचा आयएमईआय जातो, आणि आयएमईआयशी छेडछाड हा आपल्याकडे गुन्हा आहे.