'बाळंतपण करणे' : नेमकं कोण करतं?

लेखणी : गरोदर बायकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. मिडवाइफ म्हणजे कोण ते सांगायचंय. मी लिहिलं, 'सुईण तुमचं बाळंतपण करते.' तपासणाऱ्या बाईंनी दोन्हींवर काट मारली. 'सुईण' जुनाट म्हणून आणि 'बाळंतपण करते' चूक म्हणून. त्यांच्या मते बाळंत बाई होते, मिडवाइफ फक्त सोबत असते. पण 'आईने लेकीचं बाळंतपण केलं' असं आपण म्हणतोच ना? मग चूक कुठे?

पोथीवाला : 'प्रसाविका' लिहा. अधिकृत आहे, शुद्ध आहे.

चहाटळ : आणि ते वाचून बाई विचारणार, 'म्हणजे नर्स का?' सुईणीत काय वाईट आहे? टाके घालते, सुई हातात, म्हणून सुईण.

पोथीवाला : काहीतरीच! सुई आली 'सूची'वरून. सुईण 'सू' धातूच्या घरची, म्हणजे प्रसूती, सूतिका, सूतक यांच्या नात्यातली.

निवृत्त परिचारिका : 'प्रसाविका' माझ्या पदनामात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. लेखणीताई, आईचं 'बाळंतपण करणं' म्हणजे नंतरची शुश्रूषा, बाळ-बाळंतिणीला सांभाळणं. पत्रकात बोलणं जन्माच्या वेळचं आहे. तिथे तुमच्या बाईंचं बरोबर वाटतं मला.

आमचं अर्धं काम म्हणजे हात आवरून बसणं. ठरावीक वेळाने बाळाचे ठोके ऐकायचे, तिला उठवून चालवायचं, कंबर चोळायची, पाण्याचे घोट द्यायचे. पहिलटकरीण घाबरलेली असते, तिला एकटं सोडायचं नाही. पूर्वी पिशवीचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की घड्याळ लावायचो, पुढे तासाला १ सेंटीमीटर व्हायलाच हवं म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती रेघ ५ सेंटीमीटरवर नेली आणि तासाचा हट्टही सोडायला सांगितलं. बाईचं नि बाळाचं ठीक असेल तर थांबा. अडली, रक्त जास्त जायला लागलं, ठोके बिघडले, तर मात्र लगेच डॉक्टर. ही पारख म्हणजेच ते काम. त्याला 'करते' कसं म्हणायचं?

लेखणी : मग 'सोबत करते'?

चहाटळ : सोबत रात्री एकटं झोपायला भीती वाटते त्याची करतात.

पोथीवाला : इंग्रजी शब्दातही तेच आहे. जुन्या इंग्रजीत 'मिड' म्हणजे सह आणि 'वाइफ' म्हणजे नुसती स्त्री. स्त्रीसोबत असणारी. फ्रेंच तिला 'शहाणी बाई' म्हणतात.

निवृत्त परिचारिका : अहो, मग तुमची प्रसाविका? संस्कृत तुम्हीच जाणता. ते प्रयोजक रूप ना? प्रसवायला लावणारी! म्हणजे सगळं कर्तेपण पुन्हा हिच्याकडेच.

पोथीवाला : व्युत्पत्तीने शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही.

चहाटळ : हे तुम्ही म्हणताय? सुईच्या वेळी कुठे गेलं होतं हे?

दोन जिवांची : मधेच बोलते, सध्या आठवा महिना आहे. मला तर 'डिलिव्हरी कोण करणार?' हाच प्रश्न खटकतो. बाळ मी जन्माला घालणार, आणि करणारे दुसरेच! आमची आजी म्हणायची, 'अमकी मोकळी झाली.' त्यात करणारं कुणी नाहीच. आणि 'दाई' कुणाला का सुचली नाही?

पोथीवाला : दाई मुळात दूध पाजणारी. फारसीत 'दाया', संस्कृतात 'धात्री', लांबची बहिणी-बहिणीच त्या. बाळंतपणाशी तिचा संबंध नंतरचा.

चहाटळ : पुन्हा व्युत्पत्ती!

निवृत्त परिचारिका : 'मोकळी होणं' छान आहे. पण पत्रकात 'मोकळी होईपर्यंत सुईण तिच्याजवळ असते' म्हटलं तर गरोदरपणाचे महिने सुटतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाची वाढ, सगळं आधीपासून तीच बघते.

लेखणी : पत्रक उद्या छापायला जायचंय. तूर्त 'मिडवाइफ' तसंच ठेवलंय, क्रियापदाची जागा अजून कोरी आहे. त्यात मूळ मजकुरात एका ठिकाणी ती मिडवाइफ पुरुष निघालीय.

पोथीवाला : त्यात अडचण नाही. 'वाइफ' म्हणजे बाळंत होणारी, सोबत करणारा कुणीही असो.

चहाटळ : इंग्रजीचं भागलं. मराठीत काय, सुईणा?

पोथीवाला : प्रसावक.

दोन जिवांची : नको हो.