कमी मिठाचं सूप आणि स्ट्यू चवदार कसं करावं? मदत हवी आहे

आईला मीठ अगदी बेतानं खायला सांगितलंय. त्यातच तिच्या दातांचं काम सुरू आहे, म्हणजे पुढचे काही महिने मऊ जेवणच. सूप आणि स्ट्यू हा सरळ मार्ग वाटला, शिवाय मला ते करायला आवडतंही. पण मिठावर हात आखडला की चवीत किती उणं पडतं ते आता रोज कळतंय. भाज्या नीट शिजतात, वास चांगला येतो, आणि तोंडात मात्र पाणी वेगळं लागतं, भाजी वेगळी. आई तक्रार करत नाही, अर्धा वाडगा तसाच ठेवते. तिनं आवडीनं आणि पोटभर खावं एवढंच मला हवंय.

सध्याची पद्धत अशी: कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, असला तर भोपळा, सगळं चिरून पाण्यात उकळायचं, अर्धं मिक्सरमधून काढायचं, वर मिरपूड. दाटपणासाठी कॉर्नफ्लोर. ते केल्याकेल्या छान दिसतं, दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं. क्रीम रोज नको वाटतं. तयार स्टॉक क्यूबच्या पाकिटावर घटकांच्या यादीत पहिलंच नाव मिठाचं असतं, त्यामुळे तेही बाद.

स्ट्यूची अडचण वेगळी आहे. मांस भरपूर वेळ उकळलं तरी ते मऊ न होता कोरडं होतं आणि त्याचे दोरे दोरे निघतात. ते आईला चावता येत नाही. कुठला भाग घ्यावा आणि कितपत आच ठेवावी? कुकर चालेल का? आणि दोन-तीन दिवसांचं एकदम करून ठेवलं तर चालतं का, हेही जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, तुमच्या पद्धतीत एकच पायरी गळली आहे, आणि मीठ कमी असताना तीच सगळ्यात मोलाची. भाज्या पाण्यात टाकण्याआधी परता. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा जो खमंगपणा आपल्याला हवा असतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्यानं तयार होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. म्हणजे कच्ची भाजी थेट पाण्यात गेली की ती चव नंतर कितीही उकळून येत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल, त्यात कांदा मंद आचेवर चांगला तपकिरी होईपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटं लागली तरी लागू द्या, घाई करू नका. मग गाजर आणि सेलरी, आणि ती कडेनं रंगू लागली की टोमॅटो. टोमॅटोचं पाणी आटून तो गडद होईस्तोवर परतायचा. तळाला जो तपकिरी थर धरतो तो करपू द्यायचा नाही आणि टाकूनही द्यायचा नाही. अर्धी वाटी पाणी घालून लाकडी उलथन्यानं खरवडा. सूपची अर्धी चव त्या थरात असते.

दुसरी गोष्ट उमामीची, म्हणजे मांसाच्या रश्श्यात लागते तशा भरीव चवीची. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या अर्कातून ती चव देणारं ग्लुटामेट हे द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला हे नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट चांगलं असतं. वाळवलेल्या शिताके मश्रूममध्ये ग्वानिलेट हे तशीच चव देणारं दुसरं द्रव्य असतं, आणि ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते. म्हणून वाळवलेले मश्रूम रात्रभर गार पाण्यात, फ्रिजमध्येच, भिजवा. वरचं पाणी निथळून सूपमध्ये घ्या, तळाची रेती तेवढी मागे राहू द्या. त्या पाण्याचा फरक आईला पहिल्याच चमच्यात जाणवेल असं मला मनापासून वाटतं.

आणि शेवटी आंबट. गॅस बंद केल्यावर थोडा लिंबाचा रस पिळा. मीठ कमी असलं की जो सपाटपणा वाटतो तो आंबटानं बराच भरून निघतो. जे काही मीठ मोजून द्यायचं असेल ते पातेल्यात न विरघळवता वाढलेल्या वाडग्यावर भुरभुरा. जिभेला ते आधी लागतं.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक सावधगिरी सांगते. कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. सोया सॉसही मिठातच धरा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, पण आईंचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनी दिलेलाच खरा.

अजून एक. पाणी किंवा सूप पिताना त्यांना ठसका लागतो का? लागत असेल तर पातळ रस्सा आणि त्यात तरंगणारे तुकडे हे मिश्रण गिळायला सगळ्यात अवघड, मग आधी डॉक्टरांशी बोला.

प्रतिसाद

मांसाबद्दल. "भरपूर वेळ उकळलं" यातच उत्तर आहे. स्नायूंचे तंतू जास्त तापले की आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ते पाण्यात बुडालेलं असलं तरी कोरडंच लागतं. मऊपणा येतो तो कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, विरघळून त्याचं जिलेटिन झाल्यामुळे, आणि ही क्रिया ७० अंशांच्या आसपास सुरू होऊन सावकाश चालते. त्यामुळे खळखळ उकळी नको. पृष्ठभाग थरथरावा, अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, एवढीच आच. झाकण थोडं उघडं. मटण असेल तर दोन ते तीन तास.

भाग निवडताना खांदा किंवा नळी घ्या, जिथे जनावराचे स्नायू जास्त राबतात आणि कोलॅजेन भरपूर असतं. दिसायला सुरेख, चरबी नसलेले तुकडे स्ट्यूमध्ये हमखास चिवट होतात. कोंबडीत छातीपेक्षा मांडी घ्या. हेच जिलेटिन रश्श्याला अंगही देतं, मग कॉर्नफ्लोर लागतच नाही. मांस शिजलं की काट्यानं सोडवून त्याच रश्श्यात कालवा, आईंना चावावं लागणार नाही.

प्रतिसाद

कुकरला नाकारू नका हो. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ मध्ये बंद झाकणाचं वाफेचं भांडं बनवलं ते हाडं मऊ करण्यासाठीच. आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, आणि जे पातेल्यात तीन तासांत होतं ते पाऊण तासात होतं. घरात आजारपण असताना हा वेळ फार मोलाचा असतो. दोन गोष्टी पाळा: कुकरमध्ये पाणी आटत नाही म्हणून सुरुवातीलाच कमी घाला, आणि वाफ आपोआप जिरू द्या. घाईनं दाब सोडला की आतलं सगळं एकदम खळखळतं आणि मांसाचे दोरे निघतात. भाज्या मात्र झाकण उघडल्यावर वेगळ्या शिजवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. ठसका लागत नाही, फक्त चावायची अडचण आहे. मूत्रपिंडाचं मी विचारून घेईन, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मश्रूम आजच भिजत घालते. ज्या दिवशी मांस नसेल त्या दिवशी दाटपणा कशानं आणू? मसूर आणि राजमा दोन्ही घरात आहेत. राजमा टोमॅटोबरोबर शिजवला की तासन्‌तास कडकच राहतो.

प्रतिसाद

टोमॅटोमुळेच. आंबटपणात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहज विरघळत नाही. राजमा आधी नुसत्या पाण्यात पूर्ण मऊ करा, टोमॅटो आणि लिंबू त्यानंतर. लवकर शिजावा म्हणून खाण्याचा सोडा घालू नका, सोड्यातही सोडियम असतंच.

राजम्याच्या बाबतीत मी फार आग्रही आहे: रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं जोरात उकळा आणि मगच आच कमी करा. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ते पुरेसं नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. म्हाताऱ्या माणसाला ते झेपणार नाही.

दाटपणासाठी सोललेला लाल मसूर मला सगळ्यात आवडतो. भाज्यांसोबतच शिजतो, पूर्ण विरघळतो, आणि नुसत्या भाजीच्या पाण्यात जे प्रथिन नसतं ते त्यातून मिळतं. हा मुद्दा मोठा आहे. पातळ सुपानं पोट भरल्यासारखं होतं पण अंगी काही लागत नाही. बदामाची पूड किंवा फेटलेलं अंडंही चालतं. अंड्यात आधी दोन पळ्या गरम सूप हळूहळू मिसळा, मग ते पातेल्यात ओता, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मिक्सरमध्ये गरम सूप अर्ध्याच्या वर भरू नका. वाफेनं झाकण उडतं.

कॉर्नफ्लोरचं म्हणाल तर थंडाव्यात स्टार्चची जाळी आवळते आणि पाणी बाहेर पडतं, म्हणून ते करून ठेवायच्या सुपात नकोच. चाखलेला चमचा परत पातेल्यात घातला तरी लाळेतल्या एन्झाइमनं दाटपणा जातो.

प्रतिसाद

साठवण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर निवत ठेवणं सर्वांत वाईट. ५ ते ६० अंशांत जिवाणू वेगानं वाढतात, आणि काहींचे बीजाणू उकळीतूनही जिवंत राहतात. गॅस बंद केल्यावर उथळ डब्यांत ओता, गार पाण्याच्या परातीत डबे ठेवून ढवळा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तिथे तीन-चार दिवस. जेवढं खायचं तेवढंच बाहेर काढून वाफाळेपर्यंत, मध्यभागी ७४ अंश होईल असं तापवा. चव बघायची ती तापवल्यावर, गार असताना ती मंद लागते.

धागाकर्ती

मग रविवारी मसुराचं सूप जास्त करून निम्मं फ्रीझरमध्ये ठेवते. त्यात बटाटा घातला तर चालेल?

प्रतिसाद

बटाटा फ्रीझरमध्ये भुसभुशीत आणि रवाळ होतो. तो ताजा उकडून, तापवताना कुस्करून घाला. लिंबूही तेव्हाच. बाकी सूप दोन-तीन महिने छान राहतं. डब्यात वर बोटभर जागा सोडा, गोठताना ते फुगतं.