क्यूबच्या रिपोर्टवर सही करू की नको? सोमवारच्या आत उत्तर हवंय (सोलापूर)

विजापूररोडवाला (शनिवार, रात्री ११.२०)
घाईत लिहितोय, शुद्धलेखन बघू नका. २८ दिवसांचे क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायला भरलेले ठोकळे) आज फोडले. एम२५ ला, म्हणजे २५ न्यूटन/चौ. मिमी ताकद हवी तिथे, १९.२, १८.४ आणि २०.१ आले. सरांचा फोन आला, म्हणाले ते पान फाडून नवीन लिही, २७-२८ च्या आसपास टाक, सोमवारी बिलाला जोडायचंय. "सगळीकडे असंच चालतं, तू काय नवीन आहेस का?" सही माझी लागते. करू की नको? नाही म्हणायचं तर मेल कसा लिहू? कुणी मसुदा द्या. जुळे सोलापुरात आत्ताच फ्लॅट घेतलाय, हप्ता चालू आहे.

निवृत्त_उपअभियंता
बाळा, तू कुणाचा माणूस? कंत्राटदाराचा, मालकाचा की पीएमसीचा? क्यूब कशाचे, पायाचे, कॉलमचे की स्लॅबचे? काँक्रीट किती घनमीटर? ७ दिवसांचे किती आले होते? हे न सांगता "सही करू का" विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय" एवढंच सांगणं.

सातरस्ता_किंग
काय लावलायस बे. मार सही अन् मोकळं हो. मी बारा वर्षं झाली साइटवर करायलोय, एक बिल्डिंग पडलेली दाखव मला. क्यूब कमी येतात कारण पोरं क्यूब नीट भरत नाहीत.

गुणवत्ता_ताई
किंग, पोरं नीट भरत नसतील तर तेच लिहा ना कागदावर. २७ लिहून ते कसं सुधारतं?

विजापूररोडवाला
पीएमसीचा आहे काका. मालकाने कंत्राटदारावर लक्ष ठेवायला नेमलेली आमची टीम. तळमजल्याचे कॉलम, १४ घनमीटर. ७ दिवसांचे आठवत नाहीत. मेलचा मसुदा मिळेल का?

ध्येय_पीएमपी
मित्रा, तुझा खरा प्रश्न व्यावसायिक नीतिमत्तेचा आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेत चार मूल्यं आहेत: जबाबदारी, आदर, न्याय्यपणा, प्रामाणिकपणा. मी पीएमपी (त्याच इन्स्टिट्यूटची परीक्षा) केल्यावर माझा दृष्टिकोनच बदलला. आधी परीक्षेची तयारी सुरू कर. नोट्स हव्या असतील तर व्यनि कर.

सातरस्ता_किंग
सोमवारपर्यंत पीएमपी होईल का ओ सर त्याचं? 😂

निवृत्त_उपअभियंता
१४ घनमीटरला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे दोन नमुने लागतात. नमुन्याला तीन म्हणजे २८ दिवसांचेच सहा क्यूब हवेत. तू तीनच आकडे दिलेस. बाकीचे तीन कुठे?

आणि ७ दिवसांचं रजिस्टर उघड. तोवर साधारण ६५ टक्के ताकद यायला हवी, म्हणजे १६ च्या वर. तेव्हाच कमी आले असतील तर तीन आठवडे सगळे गप्प का बसले, हा प्रश्न सोमवारी सगळ्यात आधी निघेल.

होटगीकर
क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) पाणी कुठलं वापरलं? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे बोअरचं मारतात. इतकं खारं की बादलीला पांढरा थर बसतो. माझ्या मते सगळा घोळ पाण्याचा आहे.

चादरवाला
होटगीकर, बरोबर. आमच्या घराच्या स्लॅबला टँकर मागवला होता, टँकरवाल्याने तेच बोअरचं पाणी आणून ओतलं आणि वर पैसे घेतले. बोअरच्या पाण्याने स्लॅब खराब होतो का? कुणी सांगेल का? घर २०१९ चं आहे.

गुणवत्ता_ताई
पाणी तपासून घ्या. आरसीसीसाठी क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, पीएच ६ च्या खाली नको. पण कृपया वेगळा धागा काढा, या पोराला सोमवारची घाई आहे.

विजापूररोडवाला
सापडलं. ७ दिवसांची सरासरी १२.४ आहे. मी तेव्हा रजिस्टरचा फोटो सरांना व्हॉट्सॲप केला होता. त्यांनी अंगठा पाठवला होता 👍 बस्स. आणि दुसरा नमुना भरलाच नव्हता, तीनच साचे रिकामे होते.

निवृत्त_उपअभियंता
तो फोटो आणि तो अंगठा जपून ठेव.

आता नीट वाच. क्यूब नापास म्हणजे कॉलम नापास असं नाही. क्यूब नीट कुटला नसेल, ड्रममधलं पाणी आटून तो उघडा पडला असेल, तर क्यूब मार खातो आणि कॉलम चांगला निघतो. म्हणून आधी कॉलमवर रिबाउंड हॅमर (ठोकून ताकद बघायचं यंत्र) फिरवून अंदाज घेतात, मग कोअर, म्हणजे कॉलममधलाच काँक्रीटचा गोल तुकडा, कापून काढतात आणि तपासतात. कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली गेला नाही, तर आयएस ४५६ तेच काँक्रीट मान्य करतं. एम२५ ला सरासरी २१.२५ पुरते. म्हणजे कंत्राटदारही सुटू शकतो, तुझे सरही. पण तू पानावर २७ लिहिलंस की कोअर काढायला सांगणार कोण? कागदावर सगळं पास आहे ना! मग कॉलम खरंच कच्चा असला तर तो तसाच वर तीन मजले झेलत उभा राहणार.

सातरस्ता_किंग
कोअर काढायचा खर्च कोण देणार? कंत्राटदार देतोय होय? अन् कोअर काढला की कॉलमला भोक. सळई कापली तर अजून नवीन लफडं.

निवृत्त_उपअभियंता
सळई कुठे आहे ते आधी यंत्राने शोधतात आणि भोक नंतर न आकसणाऱ्या ग्राउटने भरतात. खर्चाचं करारात लिहिलेलं असतं, बघायला सांग. मी १९९० च्या दशकात एका टाकीला कोअर काढायला लावले होते, ठेकेदार सहा महिने माझ्याशी बोलला नाही. कोअर पास झाले. त्याच्या मुलीच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण मला.

काळा_कोट
काम सरकारी की खासगी? सरकारी असेल आणि कुणी लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४. खासगी मालक आणि खासगी कंपनी असेल तर १०६४ ला फोन करून उपयोग नाही. पण चाचणीचं पान फाडून खोटं लिहिणं हा विषय खासगीतही गंभीर आहे आणि सही तुझी असेल तर पहिलं नाव तुझं. सरांनी तोंडी सांगितलंय, हे लक्षात ठेव.

विजापूररोडवाला
खासगी संस्था आहे. शाळेची इमारत आहे, सांगायचं राहिलं.

गुणवत्ता_ताई
हे राहिलं?!

चादरवाला
२०१९ च्या घराचं कुणी सांगितलं नाही अजून.

गुणवत्ता_ताई
विजापूररोडवाला, एक खरं सांग. ओतकामाच्या दिवशी तू साइटवर होतास का? तीनच साचे रिकामे होते हे तुला कुणी सांगितलं?

विजापूररोडवाला (रविवार, दुपारी ३.०५)
नव्हतो. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, मुलीला पाळण्यात बसवायला घेऊन गेलो होतो. कंत्राटदाराच्या सुपरवायझरने सांभाळून घेतलं. पोअर कार्डवर (ओतकामाच्या नोंदीचा कागद) सही दुसऱ्या दिवशी केली, वेळ त्यानेच सांगितली ती टाकली. त्यामुळेच सर म्हणतात तू आधी कुठे इतका सज्जन होतास.

सातरस्ता_किंग
झालं. आता गप्प बस. ते पोअर कार्डचं कुठं लिहू नकोस, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील.

काळा_कोट
या एका बाबतीत मी किंगशी सहमत. विचारल्याशिवाय सांगू नये.

निवृत्त_उपअभियंता
मी नाही. ते कार्ड आता सरांच्या हातातलं कोलीत आहे. तूच आधी लिहिलंस की त्यातला विस्तव विझला. सुपरवायझरला तर माहीतच आहे, आज ना उद्या तो बोलणारच. मसुदा देतो, लहान ठेव:

"सर, तळमजल्याच्या कॉलमचे २८ दिवसांचे क्यूब १९.२, १८.४, २०.१ आले. ७ दिवसांची सरासरी १२.४ होती, ती त्याच दिवशी आपल्याला कळवली होती. नोंदी आहेत तशाच ठेवल्या आहेत. रिबाउंड हॅमर आणि कोअर चाचणी करावी व तोवर पहिल्या मजल्याचं शटरिंग थांबवावं अशी शिफारस आहे. ओतकामाच्या दिवशी मी साइटवर हजर नव्हतो, पोअर कार्डवरची सही दुसऱ्या दिवशीची आहे, ही माझी चूक."

मालकाच्या प्रतिनिधीला प्रत ठेव. फोनवर जे बोलणं झालं त्याचा उल्लेख नको.

ध्येय_पीएमपी
काकांनी सांगितलं तीच जबाबदारी. संहितेत चुका आपणहून कबूल करून सुधाराव्यात असंच आहे.

सातरस्ता_किंग
प्रत ठेवली तर नोकरी गेली समज. तुझा हप्ता काका भरणारेत का?

गुणवत्ता_ताई
प्रत आधी सरांनाच. उद्या दुपारपर्यंत वाट बघ, त्यांना स्वतः मालकाला सांगायची संधी दे. नाही सांगितलं तर मग पुढे पाठव. माझ्या आधीच्या साइटवर मी थेट वर पाठवलं होतं. मी बरोबर होते, पण पुढचं वर्षभर माझ्याशी कुणी चहा प्यायला नाही.

निवृत्त_उपअभियंता
हे चालेल. पान मात्र आज रात्रीच फोटो काढून स्वतःला मेल कर.

विजापूररोडवाला (रविवार, रात्री ९.४८)
पाठवला. फक्त सरांना. पोअर कार्डचं वाक्य दोनदा खोडलं, मग ठेवलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली शाळा कुठली आहे ते सांग आधी. सरांचे तीन मिस्ड कॉल येऊन गेलेत, उचलले नाहीत.

निवृत्त_उपअभियंता
उचल. ऐकून घे, हो-नाही काही बोलू नकोस, "मेलवर उत्तर द्या सर" एवढंच.

चादरवाला
क्लोराईड तपासायला सोलापुरात कुठे देतात, बाटली किती लिटरची लागते?