संस्थानाचा मोफत दवाखाना सुरू करायचाय, नीट चालवायचा कसा?

दारव्हा_लाईन:
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्ह्याकडचं, गावात महाराजांचं संस्थान आहे, दर गुरुवारी पंगत होते आणि प्रगटदिनाला आजूबाजूची दहा-बारा गावं येतात. देणगी बऱ्यापैकी जमते, यंदा विश्वस्तांनी ठरवलं की सभामंडपावर अजून खर्च नको, मोफत दवाखाना काढू. गावचेच दोन डॉक्टर यवतमाळला प्रॅक्टिस करतात, ते यायला तयार आहेत. पण मला धाकधूक आहे. चार वर्षांआधी इथं मोठं शिबिर झालं होतं, मांडव, माईक सगळं, त्यात माझ्या मोठीआईचं बीपी पहिल्यांदा सापडलं, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर तिला वाटलं आता बरं झालं. दोन महिन्यांनी तिची उजवी बाजू गेली. आजही चहा बशीत ओतून मी तिच्या तोंडाला लावतो. पुन्हा तसं व्हायला नको म्हणून विचारतोय, ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

सिस्टरताई:
भाऊ, वाचून वाईट वाटलं. मी 26 वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी खेड्यातच गेली, आता एका मठाच्या दवाखान्यात दर आठवड्याला जाते. पहिली गोष्ट, शिबिर नको, वार ठरवा. आठवड्याचा एकच वार, पाऊस असो की पोळा, दवाखाना उघडा दिसला पाहिजे. डॉक्टर आले नाहीत तरी नर्सने बीपी मोजायचं, वहीत लिहायचं आणि जो आला नाही त्याच्या घरी निरोप धाडायचा. बीपीचा माणूस बरा होऊन घरी जात नाही हो, तो दर महिन्याला परत यायला पाहिजे, सगळं काम त्यातच आहे.
गोळ्यांच्या पुडीवर मी सूर्य आणि चंद्र काढते. एक आजी सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत घेऊन यायची, पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या तोडलेल्या, आणि रंग पाहून घ्यायची, कंपनी बदलली की रंग बदलायचा आणि ती गोळीच सोडून द्यायची. चित्र काढायला लागल्यापासून चुकली नाही.
आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकटच मिळतात, तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करू नका, आशाताईला सोबत घ्या, माणूस तिथपर्यंत पोचवा.

कपाशीवाला:
ताई बरोबर सांगून राहिल्या. माह्यं म्हणणं जागेचं हाये. दवाखाना गाभाऱ्याजवळ नका ठेवू भाऊ. आमच्या इथं मंदिराच्या ओसरीवर होता तं बाया येतच नव्हत्या, आमाले वाटलं लाजतात, मंग आशानं सांगितलं का पाळीचे पाच दिवस बाई पायरी चढत नाई अन् जिले अंगावरून जास्त जाते तिचंच तं दुखणं हाये. मंग रस्त्याकडच्या खोलीत हलवला, वेगळं दार केलं, तवा बाया आल्या. मुसलमान वस्तीतले लोकंबी त्याच दारातून येऊ लागले. अन् टाइम पाहा, कापूस वेचणी लागली का सकाळी 10 ले गावात कोणी राहत नाई, रोजी कोण बुडवते? संध्याकाळी 6 नंतर ठेवा.
फवारणीच्या दिवसात तं डोळे ठेवाच. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली. डोकं गरगरते, ओकारी येते म्हणत कोणी आला तं त्याले गोळी देऊन घरी नका पाठवू, कपडे बदलवा, अंग धुवा अन् लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

सिस्टरताई:
साप चावल्याचंही तसंच. आपल्याकडे अजूनही माणसाला आधी देवाच्या पायरीवर आणतात आणि तिथंच वेळ जातो. तुमच्या संस्थानाचा खरा उपयोग इथं आहे. पुजाऱ्यानंच म्हणायचं, अंगारा लाव आणि गाडीत बस, लस ग्रामीण रुग्णालयात आहे. डॉक्टरने शंभरदा सांगून ऐकत नाहीत ते पुजाऱ्याच्या एका शब्दाने ऐकतात, मी पाहिलंय. गाडी आणि ड्रायव्हर रात्रीचा ठरवून ठेवा, 108 लाही फोन करा. गडचिरोलीला शोधग्रामच्या दवाखान्याला दंतेश्वरी मातेचं नाव आहे, आदिवासी लोकांना तो आपला वाटावा म्हणून. देवाच्या नावाने माणूस दारापर्यंत येतो, पुढचं काम मात्र विज्ञानाने करायचं.

नागपूरचा_फार्मसीवाला:
थोडं औषधांबद्दल. लोक घरातली उरलेली औषधं दानात आणून देतील, प्रेमाने देतील, पण घेऊ नका, अर्धी एक्सपायरीची असतात. पैसे घ्या आणि जेनेरिक विकत घ्या. रजिस्टर्ड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. सलाईन लावून मागतील, तिथंही ठाम राहा, अशक्तपणाला सलाईन हे औषध नाही. आणि लग्नाआधी पोरापोरींची सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करून घ्या, दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण बाळाला देऊ शकणारे) असले तर प्रत्येक बाळाला तो आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. कोण वाहक आहे ते गावात फुटू देऊ नका, पोरीची सोयरीक मोडते.

दारव्हा_लाईन:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री विश्वस्तांना वाचून दाखवलं. भक्तनिवासाची रस्त्याकडची खोली मिळाली, पायरी नाही, दारात हातपंप आहे. वार गुरुवारच, संध्याकाळी 6 ते 9, डॉक्टर आळीपाळीने येतील, नर्स प्रत्येक गुरुवारी. पंगतीत बुंदी असते, आमच्या वाढप्यांनी स्वतःहून म्हटलं की शुगरवाल्यांच्या पानात बुंदीऐवजी पिठलं जास्त वाढू. वहीत पहिलं नाव मोठीआईचं लिहिलंय. सिस्टरताई, तुमच्या वहीत रकाने कसे पाडलेत तेवढं सांगाल का?