मदत हवी आहे: ऑनलाइन डी अँड डीचा खर्च कसा वाटायचा?

नमस्कार मंडळी. कोथरूडचे आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री ऑनलाइन डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो, खेळ मी चालवतो. फाउंड्रीचं, म्हणजे ज्यावर आम्ही खेळतो त्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स मी एकदाच घेतलं. ते फक्त होस्टला लागतं, बाकीचे ब्राउझरमधून फुकट येतात. खेळाचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहेत, त्यावर वर्षभर मस्त भागलं. आता दोघांना त्यात नसलेले सबक्लास (पात्रांचे खास उपप्रकार) हवेत. ते ज्यात आहेत ते डिजिटल पुस्तक कोणी घ्यायचं? वर्गणी काढली तरी ते माझ्याच खात्यात राहणार, उद्या कुणी गट सोडला तर त्याच्या हाती काहीच नाही. हे मला पटत नाही. शिवाय दोघं अजून कॉलेजात आहेत, पैशांपायी त्यांचा खेळ सुटायला नको. तुम्ही कसं करता?