'स्म्र्त' ती की तो? चेक चित्रांच्या नावांतील मरण आणि नशीब

प्रश्न :
आधुनिक चेक चित्रकलेवरील एका लेखाचे मराठी रूपांतर करताना मी चित्रांच्या नावांपाशीच अडलो आहे. बोहुमिल कुबिश्ता यांच्या १९१२ मधील 'पोलिबेक स्म्र्ति' या चित्राला 'मृत्यूचे चुंबन' म्हटले, तर काही बिघडते का? लेखात 'ओसुद' आणि 'ऊद्येल' हे शब्दही वारंवार येतात. इंग्रजीतून पाहिले तर दोहोंचा अर्थ एकच निघतो. मग दोन्हीकडे 'नियती' लिहून भागेल का?

प्रतिसाद :
नावापुरते काहीच बिघडत नाही, कारण 'मृत्यूचे' मधील 'चे' हा प्रत्यय चुंबनाशी जुळतो आणि मृत्यूचे लिंग झाकले जाते. अडचण पुढच्याच ओळीत येईल. चेक भाषेत 'स्म्र्त', म्हणजे मरण, हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे लोककथेत आणि चित्रात मरण येते ते बाईच्या रूपात. तिला लाडाने वा भीतीने 'स्म्र्त्का' म्हणतात, थट्टेने 'झुबाता', म्हणजे दातवाली, म्हणतात, आणि एका प्रसिद्ध परीकथेत तर ती मुलाची धर्ममाता होते. मराठीत मात्र मृत्यू 'येतो', 'गाठतो', 'झडप घालतो'. चुंबन घेणारी ती आहे की तो, यावर चित्राकडे पाहण्याची नजरच बदलते, म्हणून वर्णनाच्या वाक्यात क्रियापद जपून वापरावे लागेल.

हा भेद भाषेचा आहे, भूमीचा नाही, याचा पुरावा चेक भूमीतल्या बोहेमियातच मिळतो. चित्रकार आल्फ्रेड कुबीन हे १८७७ मध्ये तिथल्याच लितोम्येर्झित्से गावी जन्मले, पण त्यांची भाषा जर्मन. १९१८ मध्ये त्यांनी मृत्यूवरील रेखाचित्रांचा संच प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या भाषेतला मृत्यू पुल्लिंगी होता.

जाता जाता लिप्यंतराबद्दल एक सांगतो. चेक 'र' इथे स्वरासारखा उच्चारला जातो, त्यामुळे उच्चाराच्या दृष्टीने 'स्मृत' हे लेखन अधिक जवळचे ठरले असते. पण मराठी वाचक त्याचा अर्थ 'आठवलेले' असा घेईल, म्हणून तुमचे जोडाक्षर दिसायला कितीही ओबडधोबड असले तरी तेच राहू द्या.

प्रश्नकर्ता :
मग 'मृत्युदेवी' कसे वाटते?

प्रतिसाद :
'देवी' म्हटले की पूजा आली, आणि स्म्र्त्काची पूजा कोणी करत नाही. उलट वसंताच्या तोंडावर तिचा गवताचा बाहुला गावाबाहेर नेऊन पाण्यात बुडवतात. आपल्याकडे मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती, तिची इथे आठवण होते; परंतु मरीआई रोगाची आहे आणि स्म्र्त्काबरोबर हिवाळाही बाहेर जातो, तेव्हा तो शब्द उसना घेऊ नये. मृत्यू स्त्री असणे मात्र आपल्याला अगदीच परके नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात ब्रह्मदेवाने निर्माण केलेली मृत्यू ही स्त्रीच आहे. जीव घ्यायचे काम नको म्हणून ती रडते आणि तिच्या अश्रूंचे रोग होतात. तेव्हा 'मृत्यू' हाच शब्द ठेवून, पहिल्या उल्लेखात 'चेक कल्पनेत मृत्यू ही स्त्री आहे' असे एक वाक्य लिहावे आणि पुढे बिनधास्त 'ती' वापरावे, असे माझे मत आहे.

दुसरा प्रतिसाद :
'ओसुद' आणि 'ऊद्येल' यांच्याविषयी मी लिहितो. दोन्हीकडे 'नियती' लिहिणे मला पटत नाही. चेकमध्ये 'सोउद' म्हणजे न्यायालय किंवा निवाडा. 'ओसुद' त्याच कुळातला, म्हणजे आपल्याबाबत झालेला निवाडा. बाळ जन्मताच ज्या तीन बायका येऊन त्याचे पुढचे आयुष्य ठरवतात, त्या 'सुदिच्की' याच धातूच्या लेकी आहेत. आपली सटवाईही हेच काम करते, पण ती लिहिते. म्हणूनच तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात आणि म्हणूनच आपण 'कपाळीचा लेख', 'विधिलिखित' असे म्हणतो. सुदिच्की बोलून निवाडा देतात. त्यामुळे 'ओसुद'साठी 'विधिलिखित' अर्थाने जवळ असले तरी प्रतिमा बदलते.

'ऊद्येल' मात्र 'द्येलित', म्हणजे वाटणे, या क्रियापदाकडून आला आहे. त्याला मराठीत तीन सख्खे भाऊ आहेत : 'भागधेय', अरबीत मुळात वाटा असाच अर्थ असलेले 'नशीब', आणि सर्वांत चपखल 'वाट्याला आलेले'. योझेफ चापेक हे चित्रकार १ सप्टेंबर १९३९ रोजी पकडले गेले आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत वारले. अनेकांबरोबर एकाच्या वाट्याला जे आले, त्याला मी 'नियती' म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता :
'प्राक्तन' का नको? ते तर व्यक्तीचे स्वतःचे असते.

दुसरा प्रतिसाद :
व्यक्तीचे असते, पण मागल्या जन्माच्या हिशेबासह. चेक कवी एर्बेनच्या 'श्त्येद्री देन' या कवितेत नाताळच्या आदल्या रात्री दोन मुली तळ्याच्या बर्फाला भोक पाडून पाण्यात डोकावतात. एकीला नवरा दिसतो, दुसरीला स्वतःची अंत्ययात्रा, आणि वर्षभरात दोन्ही खरे होते. दुसरीने कोणत्याही जन्मी काही केलेले नाही. तिथे 'प्राक्तन' लिहिले की आपण तिच्यावर एक पाप लादतो. याउलट चेक कवी माखाच्या १८३६ च्या 'माय' (म्हणजे मे महिना) या काव्यातला व्हिलेम शिरच्छेदाची वाट पाहतो तो स्वतः केलेल्या खुनामुळे, ज्यात मेलेला त्याचा बापच निघतो. यान झ्र्झावी यांनी १९२४ मध्ये त्या काव्यासाठी चित्रे काढली. त्यांच्याविषयी लिहिताना तर 'ओसुद'ला सरळ 'निवाडा' म्हणता येईल.

पहिला प्रतिसादकर्ता पुन्हा :
पटले. आणखी तीन नावे यादीत येतीलच. चित्रकार याकुब शिकानेदर यांच्या 'उतोनुला'ला 'बुडालेली' हा एकच शब्द पुरे आहे. 'बुडून मेलेली स्त्री' केले की पोलिसांचा पंचनामा होतो. त्यांच्याच १८८८ च्या 'दुशिच्की'चा शब्दशः अर्थ 'इवले आत्मे' असा आहे, पण ते २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनाचे घरगुती नाव आहे. वसईचे मराठी ख्रिस्ती लोकही तो दिवस पाळतात, म्हणून 'सर्वपित्री' न लिहिता 'मृतांचा दिवस' लिहावे. कुबिश्तांचे १९१५ चे 'ओब्येशेनी' सर्वांत अवघड. चेक शब्द फाशी दिलेल्यालाही चालतो आणि गळफास घेतलेल्यालाही. मराठीला निवड करावी लागते, आणि चित्रकाराने न केलेली निवड अनुवादकाने करू नये, म्हणून 'फासावरचा'.

प्रश्नकर्ता :
'फासावरचा' घेतो. कुबिश्ता आड्रियाटिक किनाऱ्यावर तोफखान्यात अधिकारी होते, युद्धातून वाचले आणि २७ नोव्हेंबर १९१८ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, स्पॅनिश फ्लूने गेले. त्या परिच्छेदात 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' लिहिले होते. आता 'वेळ फ्लूबरोबर आली' असे पुढे जोडतो, आणि 'नियती' खोडतो.