सोल्यो, स्वित्झर्लंड: आईला घेऊन ऑक्टोबरमध्ये मुक्काम करावा का?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन स्वित्झर्लंडला जातोय. आईचं वय ७१, तब्येत चांगली आहे, पण गुडघे दुखतात, उतारावर जास्तच. बर्फाचं तिला फारसं अप्रूप नाही. कुठेही नेलं तरी ती आधी झाडं बघते, म्हणून युंगफ्राऊ, टिटलिस सोडून सोल्यो ठरवतोय.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात ब्रेगाल्या नावाचं इटालियन बोलणारं खोरं आहे, त्यातलं हे जुनं दगडी गाव, साधारण ११०० मीटरवर. सांक्ट मॉरिट्झकडून १८१५ मीटरचा मालोया घाट उतरला की हवा बदलते, कारण खोरं इटलीच्या बाजूला उघडं आहे. गाव उन्हाच्या पायरीवर बसलंय. खाली समोरच्या बोंदो गावात मात्र हिवाळ्यात कित्येक आठवडे ऊन पोचत नाही. सेगांतिनी हा चित्रकार हिवाळ्यात इथे येऊन राहायचा. त्याचं इथलं एक मोठं चित्र सांक्ट मॉरिट्झच्या संग्रहालयात आहे, ते आईला आधी दाखवून मग गावात न्यायचं मनात आहे.

पण खरी ओढ चेस्टनटची. मागे कामानिमित्त झुरिकला गेलो होतो, तेव्हा भाजलेले चेस्टनट पिशवीतून घरी आणले होते. आईने एक सोलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "अरे, ही तर फणसाची आठळी!" सोल्योच्या खाली, कास्तासेन्याजवळ चेस्टनटची मोठी राई आहे. तिथे दगडी दुमजली खोपटी असतात: खाली मंद विस्तव, वर फटी ठेवलेल्या फळ्यांवर चेस्टनट, धुरावर कित्येक आठवडे सुकत. हे वाचून दाखवलं तेव्हा आईला आजोळची चूल आठवली. पावसात आमसुलं अशीच चुलीच्या वर ठेवायचे. तेव्हापासून रोज विचारते, तिकीट काढलंस का?

ज्या एजंटशी बोललो ते म्हणाले, "तिथे काही नाही, दुपारी जाऊन या, दोन तास पुरे." मला ते पटत नाही. दोन तासांत आई फक्त बसमधून उतरेल आणि चढेल. मला तीन रात्री राहायचंय. बजेट हात राखून आहे, पण याच्यासाठी बाकी काही कमी करायची तयारी आहे.

तर कोणी राहिलं असेल त्यांनी कृपया सांगा. पिवळ्या पोस्टबसने प्रोमोन्तोन्योला उतरून सोल्योची छोटी बस घ्यायची, एवढं कळलंय. दोन मोठ्या बॅगा घेऊन ही बदलाबदली आईसोबत जमेल का, की सामान सांक्ट मॉरिट्झला ठेवावं? गावातल्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत. बसथांब्यापासून सालिस घराण्याच्या १६३० च्या वाड्यापर्यंत चढ किती आहे? त्या वाड्याच्या बागेतले दोन प्रचंड सिकोया वृक्ष तिला जवळून दाखवायचेत. राईतली वाट काठी टेकत चालता येईल अशी आहे का? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. पोलेंता (मक्याच्या भरडीची शिजवलेली लापशी) सोडून रोज संध्याकाळी काय मिळेल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुसऱ्या आठवड्यात त्या खोपट्यांत विस्तव पेटलेला असतो का, की आठ-दहा दिवस उशिरा यावं? तिकिटं अजून काढलेली नाहीत, तारखा पुढे सरकवता येतील.